श्वासनलिकेच्या दुर्मीळ गाठी: शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्वासनलिकेत गाठ असल्याचे कळते तेव्हा बहुतेक कुटुंबांनी असा आजार असतो हेच प्रथम ऐकलेले असते, आणि पुष्कळदा त्याआधी अनेक महिने दम्याची औषधे चाललेली असतात. पुढील उत्तरे अशा कुटुंबांसाठी आणि त्यांना तालुक्याच्या गावी प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहिली आहेत. प्रत्यक्ष रुग्णाचा निर्णय त्याचे तपासणी अहवाल समोर ठेवून त्याच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

श्वासनलिका म्हणजे नेमका कोणता भाग, आणि तिथली गाठ दुर्मीळ का म्हणतात?

स्वरयंत्राच्या खालून निघून छातीत उजव्या-डाव्या फुप्फुसांसाठी दोन फाटे फुटेपर्यंत जी नळी जाते ती श्वासनलिका. प्रौढ माणसात ती साधारण ११ सेंटीमीटर लांब आणि सुमारे २ सेंटीमीटर रुंद असते. पुढून आणि बाजूंनी तिला कूर्चेच्या १८ ते २२ अर्धवट कड्यांचा आधार असतो; मागची भिंत मात्र मऊ पडद्याची असून तिला अगदी लागून अन्ननलिका जाते. या नळीतच उगम पावणारी गाठ १० लाख लोकांमागे वर्षाला साधारण एकाला होते. त्यामुळे एखाद्या अनुभवी डॉक्टरच्याही संपूर्ण कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण येतो, किंवा येतही नाही. थायरॉइडचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग वाढत येऊन श्वासनलिकेत शिरतो तो प्रकार वेगळा, आणि त्याचे उपचारही वेगळे.

या सगळ्या गाठी कर्करोगाच्याच असतात का?

लहान मुलांमध्ये बहुतेक गाठी साध्या असतात, तर प्रौढांमध्ये बहुतेक कर्करोगाच्या. प्रौढांमध्ये दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, जो मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांना, पुरुषांना अधिक आणि उतारवयाकडे झुकताना होतो. दुसरा एडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. श्वासनलिकेच्या अस्तराखाली लाळग्रंथींसारख्याच बारीक ग्रंथी असतात आणि हा कर्करोग त्यांतून उगवतो. त्याचा तंबाखूशी संबंध नाही. तो स्त्रियांना आणि पुरुषांना सारखाच होतो, आणि चाळिशीतल्या, कधी त्याहून तरुण माणसालाही गाठतो. “आमच्या घरात कोणी विडीला हात लावलेला नाही, मग हे कसे झाले?” असे नातेवाईक विचारतात त्याचे उत्तर एवढेच आहे की यात रुग्णाची कोणतीही चूक नाही.

याखेरीज कार्सिनॉइड आणि म्युकोएपिडरमॉइड या गाठीही दिसतात. कार्सिनॉइड किंवा सौम्य दर्जाची म्युकोएपिडरमॉइड गाठ पूर्ण निघाली तर बहुधा शस्त्रक्रिया पुरेशी होते आणि किरणोपचारांची गरज पडत नाही.

इतके दिवस दमा म्हणून औषध दिले गेले. हे कसे घडते?

नळी अरुंद झाली की दम लागतो, छातीत घरघर होते, खोकला येतो. दम्यातही हेच होते. त्यातून छातीचा साधा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भोवतालची सूज उतरून काही दिवस बरेही वाटते, त्यामुळे दम्याचे निदान आणखी पक्के होते. २ सेंटीमीटरची नळी साधारण ८ मिलिमीटरवर येते तेव्हा जिना चढताना धाप लागू लागते. ५ मिलिमीटरवर आली की बसल्या जागीही श्वास पुरत नाही. म्हणजे रुग्ण तक्रार घेऊन येतो तेव्हाच वाट निम्म्याहून अधिक बुजलेली असते.

काही खुणा मात्र दम्यापेक्षा वेगळ्या असतात. दम्याची घरघर मुख्यतः श्वास सोडताना आणि छातीभर ऐकू येते. श्वासनलिका अडली असेल तर श्वास आत ओढतानाही कर्कश, शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो गळ्याशी सर्वांत मोठा असतो. पंप ओढूनही फरक न पडणे, थुंकीतून रक्त येणे, कूस बदलल्यावर दम कमी-जास्त होणे, आवाज बसणे, यांपैकी काहीही असेल तर सीटी स्कॅन पुढे ढकलू नये. फुंकून करायच्या फुप्फुस-चाचणीत येणारा आलेखही बोलका असतो: श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही बाजूंनी तो चपटा झालेला दिसतो. हा आलेख अनेकदा काढलेला असतो, पण त्याखालचे आकडे पाहून कागद मिटला जातो आणि आलेखाच्या आकाराकडे कोणी पाहत नाही, याचे वाईट वाटते.

निदान पक्के कसे करतात?

मान आणि छाती यांचा बारीक छेदांचा सीटी स्कॅन करून गाठीची लांबी, ती नळीबाहेर किती गेली आहे आणि वर-खाली निरोगी भाग किती उरला आहे हे मोजतात. त्यानंतर दुर्बिणीने तपासणी, म्हणजेच ब्रॉन्कोस्कोपी करून तुकडा काढतात. तुकडा काढताना रक्त येऊन किंवा सूज वाढून आधीच चिंचोळी झालेली वाट बंद पडू शकते. म्हणून ही तपासणी जिथे ताठ नळीची दुर्बीण, ती वापरणारा हात आणि सावध भूलतज्ज्ञ आहेत तिथेच व्हावी.

श्वास फारच अडला असेल तर आधी काय करतात? गळ्याला छिद्र पाडावे लागते का?

शक्यतो नाही. ताठ ब्रॉन्कोस्कोप घालून गाठीचा नळीत आलेला भाग कोरून काढता येतो; त्याला विद्युतदाह, लेझर किंवा गोठवण्याच्या तंत्राची जोड देतात. हा कायमचा इलाज नव्हे, पण रुग्ण मोकळा श्वास घेऊ लागतो आणि मुख्य शस्त्रक्रिया घाईगर्दीऐवजी नियोजनाने करता येते. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवल्यास निरोगी कड्यांचे नुकसान होते आणि जंतुसंसर्ग होतो. तसेच शस्त्रक्रियेची शक्यता असलेल्या रुग्णात धातूची जाळीदार स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी आधारनळी, घाईने बसवू नये, कारण ती भिंतीत रुतते आणि पुढे कापून जोडायला जो चांगला भाग हवा असतो तोच बिघडवते. माझ्या मते या आजारात सर्वाधिक नुकसान चुकीच्या क्रमाने केलेल्या चांगल्या उपचारांमुळे होते.

श्वासनलिका किती कापता येते?

१९५० च्या सुमारास २ सेंटीमीटर, म्हणजे चारेक कड्या, ही मर्यादा मानली जात असे. त्याहून जास्त कापले तर दोन टोके एकमेकांपर्यंत पोहोचणार नाहीत अशी समजूत होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील हर्मीस ग्रिलो यांनी १९६० च्या दशकात शवांवर मोजमापे केली आणि मान पुढे वाकवली व नळी योग्य ठिकाणी मोकळी केली तर प्रौढ माणसाची जवळपास निम्मी श्वासनलिका काढूनही टोके जुळू शकतात हे दाखवले. आजची सारी शस्त्रक्रिया याच मोजमापांवर उभी आहे.

निम्मी ही मर्यादा सर्वांना सारखी लागू पडत नाही. तरुण, सडपातळ, लांब मानेच्या माणसात नळी सहज खाली-वर सरकते. वय झालेल्या, स्थूल, पाठीला बाक आलेल्या माणसात ती तेवढी सरकत नाही. मधुमेह आणि आधी घेतलेले किरणोपचार यांमुळे जोड भरून येण्यास अडथळा होतो. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइडही तेच करतात, आणि दमा समजून तेच दिलेले असतात. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवून मगच जोडाची शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर. रुग्णाने स्वतःहून मात्र ते अचानक बंद करू नयेत.

शस्त्रक्रिया चालू असताना श्वास कसा चालतो?

वरचा भाग गाठीचा असेल तर मानेवर आडवी चीर पुरते. गरजेनुसार छातीचे हाड वरच्या बाजूने थोडे उघडतात. खालच्या भागासाठी आणि जिथे दोन फाटे फुटतात त्या जागेसाठी उजव्या बाजूने छाती उघडतात. नळी कापल्यावर भूलतज्ज्ञाची तोंडातून घातलेली नळी काही वेळ उपयोगाची राहत नाही. तेव्हा शल्यविशारद दुसरी निर्जंतुक नळी थेट जखमेतून खालच्या टोकात घालतो आणि तिच्यातून फुप्फुसांना हवा दिली जाते. जोडाचे टाके घालताना ती नळी क्षणभर बाहेर काढायची, एक-दोन टाके घ्यायचे, पुन्हा आत घालायची, असे चालते. सगळे टाके आधी घालून ठेवतात, मान पुढे वाकवतात आणि मग एकेका टाक्याची गाठ नळीच्या बाहेरच्या बाजूला मारतात, म्हणजे आत दोरा टोचून मांस वाढत नाही.

श्वासनलिकेला रक्त दोन्ही बाजूंनी, बारीक वाहिन्यांच्या शिडीतून येते. त्यामुळे मागून-पुढून ती मोकळी करता येते, पण बाजूंनी जोडाच्या टोकापासून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त सोडवली तर ते टोक रक्ताविना मरते. आवाजाच्या दोन नसाही याच खोबणीतून जातात. असे काम वरचेवर करणाऱ्या चमूकडे जाण्याचा आग्रह एवढ्यासाठीच धरायचा.

शस्त्रक्रियेनंतर हनुवटी छातीला शिवून ठेवतात हे खरे का?

हो. शुद्धीवर येताना रुग्णाला आणि त्याहून जास्त नातेवाइकांना याचा धक्का बसतो, म्हणून ते आधीच सांगून ठेवायला हवे. हनुवटीखालची कातडी आणि छातीच्या वरची कातडी यांमध्ये एक जाड टाका घालतात. मान जोराने मागे गेली तर जोडावर ताण येईल, त्याची आठवण हा टाका करून देतो. मान पायांकडे पाहिल्यासारखी वाकलेली राहते. पाठीमागे उशा रचून, अर्धवट बसवून झोपवतात. पाणी पिताना मान वर करायची नाही, म्हणून नळीने किंवा चमच्याने घोट घोट घ्यायचे. साधारण सातव्या दिवशी दुर्बिणीने जोड पाहतात आणि तो भरत असल्याची खात्री झाली की टाका काढतात. स्वरयंत्र मोकळे करून खाली आणले असेल तर काही दिवस गिळताना ठसका लागतो. तेव्हा पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते.

“कडेला थोडा कर्करोग राहिला आहे” असा अहवाल आला. शस्त्रक्रिया चुकली का?

हा प्रश्न सर्वांत जास्त मनःस्ताप देतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. एडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा डोळ्यांना दिसतो त्याच्या पलीकडे, अस्तराखालून आणि मज्जातंतूंच्या आवरणातून लांबवर सरकलेला असतो. कापलेल्या कडा शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कडेवर पेशी दिसल्या तर शल्यविशारद आणखी एखादी कडी काढतो, पण पुढे एक वेळ अशी येते की आणखी कापले तर जोडावर ताण येईल. ताणलेला जोड उसवला तर ती जिवावरची आपत्ती असते. कडेवर उरलेल्या सूक्ष्म पेशी किरणांनी दीर्घकाळ आवरता येतात. अशा वेळी जाणीवपूर्वक थांबणारा शल्यविशारद योग्य निर्णय घेतो. मॅसॅच्युसेट्स जनरलमधील मोठ्या मालिकेत या प्रकारच्या निम्म्याहून अधिक शस्त्रक्रियांत कडा पूर्ण स्वच्छ नव्हत्या, आणि तरीही त्यांपैकी अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगले.

स्क्वॅमस प्रकारात मात्र बाधित कडा आणि बाधित लसिकाग्रंथी यांचा परिणाम अधिक वाईट असतो, म्हणून तिथे हा तोल थोडा वेगळ्या रीतीने साधावा लागतो.

म्हणजे शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावेच लागतात?

या दोन मुख्य प्रकारांत बहुतेकदा हो. जोड भरून यायला वेळ द्यावा लागतो, म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ते सुरू करतात. आठवड्यातून पाच दिवस, दररोज सुमारे २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक), असे एकूण ५४ ते ६० ग्रे, आणि कडा बाधित असतील तर थोडे अधिक, असा सर्वसाधारण क्रम असतो. म्हणजे जवळपास सहा आठवडे.

आधी किरणोपचार देऊन गाठ लहान केली आणि मग शस्त्रक्रिया केली तर?

इतर अवयवांच्या कर्करोगांत हे वारंवार केले जाते, म्हणून प्रश्न रास्त आहे. पण किरण घेतलेल्या श्वासनलिकेचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो आणि तिचा जोड उसवण्याचा धोका वाढतो. पूर्ण मात्रेनंतर शस्त्रक्रिया करावीच लागली तर पोटातील चरबीचा पडदा वर आणून जोडाभोवती गुंडाळतात. ते शक्य असते, पण सोपे नसते. म्हणून “शस्त्रक्रिया होणार नाही” असे एका ठिकाणी ऐकले तरी, श्वास अडलेला नसेल तर, किरणोपचारांचा पहिला दिवस ठरवण्यापूर्वी अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राचे मत घ्यावे. ही संधी एकदाच मिळते.

किरणोपचारांच्या दिवसांत काय होते, आणि काय त्रास होतो?

बोलीभाषेत याला शेक किंवा लाइट म्हणतात, पण त्यात चटका बसत नाही. सुरुवातीला मापे घेतात: प्लास्टिकची गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्या-मानेवर दाबून मुखवटा बनवतात, तो दोन-चार मिनिटांत कडक होतो आणि रोज त्याच स्थितीत झोपता येते. ज्यांचा श्वास कोंडतो त्यांना या मुखवट्याची भीती वाटते. तसे आधी सांगावे, तंत्रज्ञ थांबून धीर देतात. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे असतात.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गिळताना दुखू लागते, कारण अन्ननलिका नळीला लागूनच असते. मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, दही, केळे चालते. ठेचा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कडक भाकरी काही आठवडे दूर ठेवावी. कोरडा खोकला आणि थकवा येतो. नंतरच्या काळात नळी अरुंद होणे, कूर्चा मऊ पडणे, अन्ननलिकेला अरुंदपणा येणे किंवा मानेवर किरण गेले असल्यास थायरॉइड मंदावणे असे परिणाम काहींमध्ये दिसतात. मज्जारज्जूवर किती मात्रा जाऊ द्यायची याची कडक मर्यादा पाळली जाते.

शस्त्रक्रिया शक्यच नसेल तर?

गाठ फार लांब असेल, किंवा शेजारच्या अवयवांत शिरली असेल तर केवळ किरणोपचार ६० ते ७० ग्रेपर्यंत देतात. स्क्वॅमस प्रकारात त्याबरोबर केमोथेरपी जोडतात. एडेनॉइड सिस्टिकवर मात्र नेहमीच्या केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. प्रोटॉन किरणांची मात्रा ठरावीक खोलीवर जाऊन थांबते, त्यामुळे हृदय आणि फुप्फुसे वाचवणे सोपे जाते. चेन्नईत २०१९ पासून आणि नवी मुंबईत खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत २०२३ पासून ही सोय आहे. प्रत्येकाला तिची गरज असतेच असे नाही. आधुनिक लिनॅकवर, म्हणजे किरणोपचारांच्या नेहमीच्या यंत्रावर, नीट आखलेले उपचार पुष्कळांना पुरेसे असतात.

कृत्रिम श्वासनलिका बसवता येत नाही का?

आशा लावणारा प्रश्न आहे, आणि त्यावर खोटी आशा देणे क्रूरपणाचे ठरेल. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात शल्यविशारद पाओलो मॅकियारिनी यांनी प्लास्टिकच्या साच्यावर मूळपेशी टाकून बनवलेली श्वासनलिका बसवली आणि जगभर गाजावाजा झाला. स्वीडनमध्ये ज्या तीन रुग्णांवर हा प्रयोग झाला ते तिघेही दगावले. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मॅकियारिनी यांना दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली. फ्रान्समध्ये एमान्युएल मार्तिनो यांच्या चमूने दात्याच्या गोठवून ठेवलेल्या महाधमनीचा तुकडा स्टेंटच्या आधाराने वापरण्याचे काम अधिक शिस्तीने केले आहे. तरीही हे नित्याचे उपचार नाहीत. कोणी पैसे घेऊन “नवी नळी बसवून देतो” म्हणत असेल तर तिथून उठावे.

बरे होण्याची शक्यता किती?

मॅसॅच्युसेट्स जनरलने २००४ मध्ये ४० वर्षांतील २७० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला; निम्मे एडेनॉइड सिस्टिक, निम्मे स्क्वॅमस. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी एडेनॉइड सिस्टिकचे ५२ टक्के ५ वर्षांनी आणि २९ टक्के १० वर्षांनी हयात होते. स्क्वॅमसचे अनुक्रमे ३९ आणि १८ टक्के. शस्त्रक्रिया न झालेल्या एडेनॉइड सिस्टिकमध्ये ५ वर्षांनी ३३ टक्के. हा सगळा फरक शस्त्रक्रियेचा नव्हे, कारण ज्यांची गाठ मोठी होती त्यांचीच शस्त्रक्रिया टळली होती. शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण एकूण ७ टक्क्यांच्या आसपास होते, पण शेवटच्या दशकात ते ३ टक्क्यांवर आले. सरावाने किती फरक पडतो हे त्यातून दिसते.

तपासण्या किती वर्षे चालू ठेवायच्या?

एडेनॉइड सिस्टिकमध्ये आयुष्यभर. पाच वर्षे झाली म्हणून निर्धास्त होण्याचा हा आजार नाही. तो दहा-पंधरा वर्षांनीही त्याच जागी किंवा फुप्फुसांत ठिपक्यांच्या रूपाने परत येतो. मात्र फुप्फुसांतले ते ठिपके इतके सावकाश वाढू शकतात की त्यांच्यासह माणूस अनेक वर्षे शेती, नोकरी, संसार सांभाळत राहतो. म्हणून ते दिसताच सगळे संपले असे समजू नये.

मुंबईला कधी जावे लागते, आणि खर्चाचे काय?

जोडाच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या केंद्रात जाणे टाळू नये. सहा आठवड्यांचे किरणोपचार मात्र पुणे, नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे, घराजवळ घेता येतात. दोन्ही डॉक्टरांचे आपसांत बोलणे झालेले असले म्हणजे झाले. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे आधार देत आली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार समाविष्ट आहेत. आपल्या शस्त्रक्रियेची मंजुरी कोणत्या नावाखाली मिळेल हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारावे.

पहिल्या भेटीला सोबत काय न्यावे?

सीटी स्कॅनची सीडी, केवळ छापील अहवाल नव्हे. तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे, कारण दुसरे पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा पाहतात. फुंकण्याच्या चाचणीचा आलेख. स्टेरॉइड कधीपासून, किती मात्रेत चालू आहेत याची नोंद. पूर्वी मान किंवा छातीवर किरण घेतले असतील तर त्यांचा मात्रेसह सारांश. आणि प्रवासात रुग्णाला आडवे झोपण्याचा आग्रह करू नये. त्याला बसून श्वास सोपा जात असेल तर बसूनच न्यावे.